छतावरचं कमळ उशीवर कसं आलं

(महासंघाच्या वार्षिक मेळाव्यात शिवणकाम गटाच्या अध्यक्षताईंनी केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



मला विषय दिला होता, ‘जुन्या कलेतून आजच्या कपड्यासाठी नक्षी कशी घ्यावी’. विषय ऐकून आधी मी नाही म्हणाले. मी दहावीपर्यंत शिकलेली. डिझाईनचा कोर्स वगैरे माझ्याकडं काही नाही. पण आपल्या समन्वयक ताई म्हणाल्या, तुमच्या गटानं जे केलं तेवढंच सांगा, चुकलं ते पण सांगा. म्हणलं, चुकलेलं भरपूर आहे, तेवढ्यावरच अर्धा तास जाईल.

आमचा गट अकरा बायांचा. गाव सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या लेण्यांपासून २८ किलोमीटर. शेती कपाशीची आणि मक्याची. चार जणींकडं शिलाई मशीन, बाकीच्या हातशिलाईवाल्या. गोधडी मात्र सगळ्यांना येते. सुरुवातीला आम्ही ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवायचो. गणवेशाचं काम जून-जुलैत येतं आणि संपतं. मग आठ महिने काय करायचं? बचत तर दर महिन्याला भरायचीच असते आणि बँकेचा हप्ता काही हंगाम बघत नाही.

तेव्हा कोणीतरी सुचवलं की लेण्यांवर एवढे पर्यटक येतात, त्यांना विकता येईल असं काही करा. अजिंठ्याचं चित्र असलेली उशी, पिशवी. आम्हाला पटलं. मोबाईलवर ‘अजिंठा’ शोधलं, पहिलं जे चित्र आलं ते घेतलं. लेणं क्रमांक १ मधला पद्मपाणी, हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व. तुम्ही पाहिला असेल, पुस्तकांवर, कॅलेंडरवर, सगळीकडं असतो. त्याचा चेहरा आम्ही कार्बन पेपरनं कापडावर उतरवला आणि सोळा इंची उशीचे तीस अभ्रे भरले. साखळी टाका, उलटी टीप, मुकुटाला बारीक भरतकाम. एका अभ्र्याला अकरा तास लागले. हिशेब मी पुढं सांगते.

तीसपैकी चार विकले गेले. त्यातला एक माझ्या नणंदेनं घेतला, म्हणजे तीनच धरा.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच घडली. आमच्या गटातली एक ताई सलग दोन बैठकांना आली नाही. बचत मुलीच्या हाती पाठवली. आम्हाला वाटलं, घरी काही असेल. शेवटी आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या काकू तिच्या घरी गेल्या. ती ताई बौद्ध आहे. ती काकूंना म्हणाली, “काकू, उशीवर माणूस टेकतो, कोणी मांडीखाली घेतं, पोरं फेकाफेकी करतात. विहारात ज्यांच्यापुढं मी हात जोडते, त्यांच्यावर कोणी बसलेलं मला बघवत नाही. आणि तुम्ही दहा जणी एवढ्या उत्साहात होता, मी एकटी कशी बोलू?”

मला त्या रात्री झोप आली नाही, खरं सांगते. अकरा बायांच्या गटात आम्ही तिला एकदासुद्धा विचारलं नव्हतं. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. आम्ही दहा जणी २८ किलोमीटरवर राहून कधी लेण्यात गेलो नव्हतो. ती दरवर्षी जात होती.

पुढच्या बैठकीत ठराव करून उरलेल्या सव्वीस अभ्र्यांचे टाके उसवले. सगळ्यांनी मिळून उसवले, ती पण होती. कापड वाचलं, दोरा गेला. आणि तिनंच सांगितलं की मोबाईल बाजूला ठेवा, आधी माझ्याबरोबर चला.

गेलो. सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर गाडीभाडं वाया जाईल. फर्दापूरच्या टी-पॉइंटला आपली गाडी थांबवावी लागते, तिथून पुढं त्यांच्या बसनं जायचं. मग पायऱ्या. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा डोंगर आहे, त्यात एका ओळीत कोरलेली तीस लेणी. चित्रांच्या लेण्यात चपला बाहेर काढायच्या, आणि फोटोला फ्लॅश अजिबात चालत नाही, कारण त्या प्रकाशानं रंगाला इजा होते. आत अंधार वाटतो. पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, मग डोळे सरावतात आणि भिंत हळूहळू दिसायला लागते.

आमची ती ताई भिंतीवरच्या गोष्टी सांगत होती, बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या, जातकाच्या. मी ऐकत होते, पण माझी नजर सारखी कपड्यांवर. शिवणकाम करणारी बाई दुसरं काय बघणार? भिंतीवरच्या माणसांच्या अंगावर आडव्या पट्ट्यांची वस्त्रं आहेत, ठिपक्यांची आहेत, बांधणीसारखी दिसतात. आजच्या इकतसारखी तुटक रेषांची नक्षी आहे. काही वस्त्रं इतकी तलम दाखवली आहेत की खालचं अंग दिसतं, फक्त काठाच्या रेषेवरून कळतं की कापड आहे. ज्यानं हे काढलं त्यानं विणकराचं काम जवळून बघितलेलं होतं. म्हणजे आधी कापड भिंतीवर गेलं. आपण आता भिंतीवरून कापडावर आणायला निघालो होतो.

मग काकूंनी मान वर केली. आम्ही सगळ्या भिंती बघत होतो, काकूंची मान दुखत होती म्हणून त्या वर बघून ताणत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, वर बघा, ही तर गोधडी आहे.”

लेणं क्रमांक १ चं छत चौकोनाचौकोनात वाटलेलं आहे. प्रत्येक चौकटीत वेगळं काही. एकीत कमळ, एकीत फळं, एकीत पक्षी, कुठं वेलबुट्टी. एका चौकटीत दोन बैल झुंजतात. एकीत हत्ती कमळाच्या तळ्यातून उधळलाय. आपण जुन्या साड्यांचे तुकडे जोडून चौकोनी वाकळ शिवतो, अगदी तशी मांडणी. पुढं दोन नंबरच्या लेण्यात छतावर मोठं वर्तुळ आहे, एकात एक गोल पट्टे, मध्यभागी कमळ. काकूंनी बोट फिरवून दाखवलं, गोधडीचा धावदोरा आपण बाहेरून सुरू करतो आणि फिरत फिरत मध्यावर आणतो, तसंच हे.

काकूंचं म्हणणं मी नंतर एका जाणत्या गाइडना सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, बरोबर आहे, अभ्यासकही या छतांची तुलना मांडवाला ताणून बांधलेल्या कापडी चांदव्याशी करतात. म्हणजे दगडाच्या छतावर चिताऱ्यांनी कापडाचा चांदवा रंगवला. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग मी काय वेगळं म्हणाले?

इथून आमचं काम बदललं. आम्ही ठरवलं की भिंतीकडं जायचंच नाही. भिंतीवर माणसं आहेत, बुद्ध आहेत, गोष्टी आहेत, श्रद्धा आहे. आपण छतावरचंच घ्यायचं. कमळ, हंस, वेल, चौकट. ते मुळातच कापडासारखं आहे, म्हणून कापडावर शोभतं.

आता कसं घ्यायचं, ते जरा सविस्तर सांगते, कारण खरी मेहनत इथं आहे.

पहिल्यांदा आम्ही कमळ जसंच्या तसं उतरवायला गेलो. जमलं नाही. चिताऱ्याच्या कुंचल्याची रेषा एकीकडं जाड, एकीकडं बारीक होत जाते, पाकळीच्या आत रंगाची छटा असते. आपल्या सुईला छटा येत नाही. सुई टाक्यांनी बोलते. मग आम्ही पाकळी धावदोऱ्याच्या तीन ओळींत बसवली. बाहेरची ओळ लांब टाक्यांची, आतली आखूड. आठ पाकळ्या, मध्ये गोल, बस. लांबून कमळ, जवळून गोधडी. एका कमळाला अकरा तासांवरून चार तासांवर आलो.

हंसांनी फार छळलं. दोन नंबरच्या लेण्यात हंसांची एक रांग आहे. एकही हंस दुसऱ्यासारखा नाही. एक मान वळवून मागं बघतो, एक पंख साफ करतो, एक खाली वाकलाय. आम्ही एकच हंस कागदावर कापून त्याचा साचा केला आणि बारा वेळा तोच उमटवला. दिसायला नीट, पण मेलेला. मग आमच्यातल्या एका पोरीनं, गटातल्या ताईची सून आहे ती, तिनं दारातल्या बदकांचे आणि कोंबड्यांचे मोबाईलवर फोटो काढले आणि त्यावरून पाच वेगवेगळ्या माना काढल्या. अंग एकाच साच्याचं, मान पाच प्रकारची. वेळ फारसा वाढला नाही आणि रांग चालायला लागली.

रंगाचं तर तुम्हाला सांगितलंच पाहिजे. त्या चिताऱ्यांकडं रंग मोजकेच होते. गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याच्या काजळीचा काळा, पांढरा. आणि निळा, तो लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानाकडून येणारा, महाग. म्हणून निळा जपून वापरलेला दिसतो, ठरावीक ठिकाणी. हे रंग ज्या गिलाव्यावर लावले तो मातीचा, त्यात भाताचा कोंडा, गवताचे तंतू मिसळलेले, वरून चुन्याचा पातळ हात. आपण कुडाच्या भिंतीला लिंपताना मातीत भुसा कालवतो की नाही? तसंच. आम्ही दुकानात जाऊन आधी वीस रंगांचे दोरे आणले होते, चमकीसुद्धा. ते सगळं ठेवून दिलं. पाचच रंग ठरवले, आणि निळ्याचा एका अभ्र्यात एकच ठिपका, कमळाच्या मध्यावर. दोऱ्याचा खर्च निम्म्यावर आला, आणि गिऱ्हाईक उचलून बघायला लागलं. आधी नुसतं बघून पुढं जायचं.

कोणी म्हणेल, दरवेळी लेण्यात जाणं परवडत नाही, अंधारात नीट दिसत नाही. खरं आहे. त्याला एक उपाय आहे. १८७२ पासून पुढं काही वर्षं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याला येऊन चित्रांच्या नकला करत होते. त्यातल्या बऱ्याच नकला पुढं लंडनला आगीत जळाल्या. पण ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठ्या भागांत पुस्तक छापलं, त्यात छतावरच्या चौकटींची रेखाटनं वेगळी दिलेली आहेत. पुस्तक इतकं जुनं की त्याच्यावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही, इंटरनेटवर बघायला मिळतं. आम्ही पंचायतीच्या संगणकावर उघडलं आणि पाच पानं छापून घेतली. पण ज्यांनी आधी डोळ्यांनी छत बघितलं त्यांनाच त्या पानांचा उपयोग झाला. बाकीच्यांनी पानावरून नुसती नक्कल केली.

आता हिशेब. पद्मपाणीचा पहिला अभ्रा. कापड ७० रुपये, दोरा १२, चेन ८, पिशवी आणि ने-आण १०. झाले १००. मजुरी तासाला ४० धरली तर अकरा तासांचे ४४०. एकूण ५४०. गेटवर मशीनवर छापलेला अभ्रा दीडशेला मिळतो. आमचा ५४० ला कोण घेणार? आम्ही ३०० ला विकला, म्हणजे आमची मजुरी तासाला अठरा रुपये पडली, शेतातल्या निंदणीपेक्षा कमी. कमळाचा अभ्रा चार तासांचा. सामान १००, मजुरी १६०, गटाच्या खात्यावर २०. एकूण २८०. विकतो ३५० ला. वरचे सत्तर रुपये दुकानात ठेवला तर दुकानाला, मेळ्यात विकला तर गटाला. बायांनो, नक्षी काढण्याआधी घड्याळ लावा. एक नमुना करा, किती वेळ लागला लिहा, मग ठरवा. आम्ही तीस केल्यावर हिशेब केला.

दुसरी फजिती चिठ्ठीची. प्रत्येक अभ्र्याला आम्ही एक छोटं कार्ड बांधलं होतं, ‘अजिंठ्याची २००० वर्षांची परंपरा’. छान वाटलं होतं. त्याच गाइडनी वाचलं आणि म्हणाले, ताई, नऊ आणि दहा नंबरची लेणी तेवढी जुनी, पण तुम्ही ज्या छतावरून घेतलंय ते पाचव्या शतकातलं, वाकाटक राजांच्या काळातलं. पंधराशे वर्षं झाली. आणि परंपरा तुमची कशी? मध्ये कोणी चालवली? मला राग आला होता, पण उत्तर नव्हतं. आता कार्डावर एवढंच आहे: ‘अजिंठा, लेणे क्रमांक १ च्या छताच्या मांडणीवरून. गोधडीच्या टाक्यात, हाताने शिवलेले.’ खाली गटाचं नाव आणि शिवणाऱ्या बाईची सही. गिऱ्हाईक सही बघतं, विचारतं ही कोण.

याच्यावरून नावाचा मुद्दा येतो. आपल्याकडं बरेच गट कापडी पिशव्यांवर मोर छापून ‘पैठणी बॅग’ म्हणून विकतात. जपून. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, विणकरांच्या हातमागाच्या कामाला. खरी पैठणी म्हणजे पदरावरची नक्षी विणतानाच भरलेली असते. प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी गुंडाळी घेऊन बाणा हातानं अडकवत जायचं, त्यामुळं पदर उलटसुलट दोन्हीकडून सारखाच दिसतो. एका पदराला महिने जातात. छापलेल्या पिशवीला तेच नाव दिलं तर त्या विणकराच्या पोटावर पाय येतो. ‘पैठणीच्या नक्षीवरून’ असं लिहा, ते खरं आहे.

तसंच वारलीचं. त्या चित्रांना २०१४ मध्ये मानांकन मिळालं. लग्नाचा चौक मुळात बायाच लिहायच्या, सवाशिणी, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं. पुढं जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या गटात वारली समाजाची कोणी नाही. आम्हाला एकदा शंभर वारली पिशव्यांची ऑर्डर आली होती, आम्ही ती पालघरकडच्या एका गटाकडं पाठवली. काही जणी तेव्हा माझ्यावर रागावल्या, पैसे समोर होते. मी अजूनही म्हणते बरोबर केलं. तुम्हाला पटलं नाही तर चहाच्या वेळी भांडा माझ्याशी.

पण पैठणीकडून आम्ही एक गोष्ट मात्र घेतली. येवल्याला गेलो होतो तेव्हा मी नक्षींची नावं लिहून घेतली. बांगडी मोर, म्हणजे बांगडीच्या गोलात बसवलेला मोर. मुनिया, म्हणजे छोटा पोपट. नारळी काठ. पंखा. कोयरी. आसावलीचा वेल. आणि अजिंठा कमळ, हो, त्यांच्याकडं पदरावर अजिंठ्याचं कमळ आहेच, आपण काही पहिल्या नाही. पण नावं ऐका. बांगडी, नारळ, पोपट, आंब्याची कोय. विणकरानं जे दारात, स्वयंपाकघरात, हातात बघितलं ते पदरावर नेलं. मग माझ्या डोक्यात आलं, अजिंठ्याच्या चिताऱ्यानं तरी काय केलं? बैल झुंजताना बघितले, छतावर काढले. तळ्यातला हत्ती बघितला, काढला. मग आमच्या दारात काय आहे?

कपाशीचं बोंड आहे. चार पाकळ्या उघडलेल्या, मध्ये पांढरा कापूस. मका आहे. आणि मिरची आहे, आमच्या भागात आणि शेजारच्या सिल्लोडकडं तर मिरचीच मिरची. तर आता आमच्या नव्या चादरीत सोळा चौकटी आहेत, लेणं क्रमांक १ सारख्या वाटलेल्या. आठ चौकटींत कमळ, चारमध्ये बोंड, तीनमध्ये मिरचीची जोडी, आणि एकीत हंस. बोंडाच्या चार पाकळ्या काढायचा टाका तोच, कमळाचा. गेरूच्या रंगाचं कापड, पांढऱ्या दोऱ्याचं बोंड. हे मोबाईलवर कोणाला सापडणार नाही, कारण कुठं नाहीच. अजिंठ्याची मांडणी, आमचं शेत.

आणि नेमकी ही नक्षीच चोरीला गेली. ते सांगते आणि थांबते.

शहरातला एक दुकानदार आला, गोड बोलला, चादरीचा एक नमुना नेला. म्हणाला, गिऱ्हाइकांना दाखवतो, पन्नासची ऑर्डर देतो. पैसे नंतर. दोन महिन्यांनी आमच्यातल्या एकीच्या भावानं फोटो पाठवला. तीच सोळा चौकटींची चादर, मशीनवर छापलेली, मिरचीसुद्धा तीच, आमच्या एकीच्या हातून वाकडी झालेली मिरची पण तशीच वाकडी. किंमत आमच्या एक तृतीयांश. आम्ही फोन केला तर म्हणाला, लेण्यातली नक्षी आहे, सरकारची आहे, तुमची कशी?

त्याचं अर्धं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. कमळावर कोणाचा हक्क नाही, आमचाही नाही. पण कमळ, बोंड, मिरची यांची ती मांडणी आमची होती. मग मी चौकशी केली. २००० सालचा डिझाईनचा कायदा आहे. नवी मांडणी एखाद्या वस्तूवर केली तर तिची नोंद कोलकात्याच्या कार्यालयात होते, अर्ज ऑनलाइन करता येतो. दहा वर्षं हक्क राहतो, आणखी पाच वाढवता येतो. पण अट अशी की अर्ज बाजारात आणायच्या आधी करायचा. एकदा विकायला मांडली, फोटो टाकला, की ती नवी धरत नाहीत. आमचं झालं होतं तसंच. तीन मेळ्यांत आम्ही ती चादर दोरीवर लावली होती, तुमच्यातल्या कित्येकींनी बघितली असेल.

तेव्हापासून गटात एक वही आहे. प्रत्येक नव्या नक्षीचं कागदावरचं पहिलं चित्र, तारीख, कोणी काढलं, सगळ्यांच्या सह्या. नमुना पैसे घेतल्याशिवाय कोणाच्या हाती द्यायचा नाही, ओळखीचा असला तरी. पावती करायची. आणि नवी नक्षी आधी वहीत, मग महासंघाच्या कार्यालयात दाखवून अर्जाचं बघायचं, मग दोरीवर. महासंघाला माझी विनंती आहे, हे मी अध्यक्षांसमोर मुद्दाम बोलतेय, की अर्ज भरायला एक माणूस नेमून द्या. एकट्या गटाला ते झेपत नाही. इंग्रजीत आहे सगळं.

मी सोबत तीन अभ्रे आणि नवी चादर आणली आहे. चादरीत आता मिरचीच्या जागी मक्याचं कणीस आहे, मिरची त्या दुकानदाराला लखलाभ. कणसाचे दाणे गाठीच्या टाक्यानं भरलेत, ते मशीनला छापता येईल पण हात फिरवला की कळतं. नोंदणीचा अर्ज गेल्याच आठवड्यात केलाय, म्हणून आज उघडून दाखवते. फोटो काढायला हरकत नाही.

काकू मागं बसल्या आहेत, हात वर करा काकू. त्यांचं म्हणणं, माझे हंस अजून बदकासारखेच दिसतात. जेवणाच्या सुट्टीत तुम्हीच बघून सांगा.